रीजंटच्या पोटाखालची नावं

१

शुक्रवारी सकाळी ट्रेनिंग शेडमध्ये रीजंट लिफ्टवर वर गेली आणि तिच्या पोटाखाली एकही नाव नव्हतं.

शेड माणसांनी भरली होती. हातातले कॉफीचे कप हातातच राहिले. ही रीजंट म्हणजे आमच्या कारखान्यात एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली चाचणीसाठी बांधलेली पहिली गाडी. ती रस्त्यावर कधी धावलीच नाही. तिच्या चॅसीवर, म्हणजे ज्या लोखंडी सांगाड्यावर अख्खी गाडी बसते त्यावर, बांधणाऱ्या प्रत्येकानं पंच आणि हातोडीनं आपलं नाव ठोकलं होतं आणि आत पांढरा रंग भरला होता. नवं मॉडेल निघालं की पहिल्या चॅसीवर नावं ठोकायची, ही आमच्याकडची रीत. दोनशेच्या वर नावं होती. आता तिथं कोरा काळा रंग चमकत होता.

हसत होते ते एकटे प्रेस्टन हाल्डेन. कार्व्हेल मोटर्सच्या मुख्य कचेरीतून ते ही गाडी न्यायला आले होते; ट्रक सोमवारी यायचा होता. कारखाना बंद होणार, रीजंट त्यांच्या प्रदर्शनात जाणार, खाली आरसे लावून लोकांना तिचं पोट दाखवणार, असा बेत होता.

"वा! स्वच्छ!" ते म्हणाले आणि आमच्या युनियनच्या अध्यक्षा ओडेसा प्रुइटकडे वळले. "मिस प्रुइट, मागच्या महिन्यात मी तुमच्या कानावर एक गोष्ट घातली होती. तुम्ही ती मनावर घेतलीत. कंपनी तुमची आभारी आहे."

"कसली गोष्ट?" मागून रॉस्को कटलर ओरडला. हा आमचा उपाध्यक्ष, आणि ओडेसाच्या खुर्चीवर त्याचा कधीपासून डोळा.

"ती खरडलेली नावं काढून टाकण्याची," हाल्डेन सहज म्हणाले.

रॉस्को गर्दीतून पुढं घुसला. "माझ्या बापाचं नाव होतं तिथं, ओडेसा! तो गेला, त्याचं थडगंसुद्धा धड नाही, एवढी एकच जागा होती. विकलंस ना आम्हाला? बोल की! दातखीळ बसली का?"

ओडेसानं लोकांकडे एकदा नीट पाहिलं, कोट उचलला आणि निघून गेली. तिच्या पाठीमागून कुणीतरी थुंकलं.

मी बर्नी ग्विझ्दाला. मिशिगनमधल्या हॅमट्रॅमक गावच्या पोलिश घरातली, आणि तोंडाची फटकळ. युनियनमध्ये तक्रारींची चौकशी करणं हे माझं काम. रविवारी दुपारी मतदान होतं: कारखान्यात ठिय्या मारायचा आणि यंत्रं बाहेर जाऊ द्यायची नाहीत, की कंपनी देईल ते घेऊन मुकाट्यानं घरी जायचं. ठिय्याची भाषा ओडेसाची होती. ती फितूर ठरली असती तर तिच्यामागून कोण आत जाऊन बसणार होतं? कुत्रंसुद्धा नाही. माझ्या हातात रविवार दुपारपर्यंतचा वेळ होता.

२

लोक पांगल्यावर मी लिफ्टखाली शिरले. नावं पंचनं ठोकलेली, खोल. ती घालवायची तर ग्राइंडरनं लोखंड घासावं लागतं, आणि घासलेलं लोखंड काचेसारखं लागतं. मी हातमोजा काढून रंगावरून बोटं फिरवली.

लोखंड खडबडीत होतं. देवीच्या वणांसारखे बारीक खड्डेच खड्डे.

आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, बर्फ वितळावं म्हणून. ते मीठ गाड्यांची पोटं खातं. असे खड्डे फक्त मिठानंच पडतात, हे मिशिगनमधल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि ही गाडी तर जन्मात रस्त्यावर गेली नव्हती.

शेडची देखरेख करणारा म्हातारा टाडेक कोपऱ्यात झाडू घेऊन उभा होता.

"टाडेक, शेवटचं कधी झाडलंस इथं?"

"परवा. शिकारीहून आलो आणि झाडलं."

"काय निघालं? लोखंडाचा कीस? ग्राइंडरची काळी पूड?"

"छे. वाळका चिखल. गंजाचे पापुद्रे. एवढा ढीग." त्यानं हातानं दाखवलं. "मी म्हटलं, मेले कुठून चिखलाचे बूट घेऊन येतात."

"तुझं नाव होतं का रे तिच्यावर?"

टाडेकचा चेहरा बदलला. "नव्हतं. त्या दिवशी तापानं पडलो होतो. इतकी वर्षं दर महिन्याला ती नावं पुसतो, फडक्यानं, प्रेमानं, आणि माझंच नाही. मग काय, मी केलं म्हणतेस?"

"म्हणत नाही. विचारतेय."

"विचारणं आणि म्हणणं एकच असतं तुझं, बर्नी." तो झाडू आपटून वळला.

रागवायचा हक्क होता त्याचा. पण जळणारा माणूस नावं घासून काढतो, आणि इथं कुणी काहीच घासलं नव्हतं. नावं खोडलेली नव्हती. रीजंटच्या खालची अख्खी चॅसीच बदललेली होती.

३

"तुमची शंका हास्यास्पद आहे," हाल्डेन म्हणाले.

त्यांना गाठलं ते हॉटेलच्या उपाहारगृहात. शंका तरी कुठं बोलून दाखवली होती मी? एवढंच विचारलं होतं की रीजंटच्या खाली दुसऱ्या एखाद्या गाडीची चॅसी बसेल का. त्यांनी अंड्याचा घास खाली ठेवला आणि प्रदर्शनाचे फलक माझ्यापुढे पसरले. सोनेरी अक्षरांत होतं: "रीजंट. तिचा पाया फक्त तिचाच."

"रीजंट ही राजेशाही गाडी. तिचा पाया तिच्यासाठीच घडवलेला. मार्शलसारखी टॅक्सीची गाडी त्यावर बसूच शकत नाही."

"मिस्टर हाल्डेन, मी त्या लाइनवर वीस वर्षं होते."

"आणि कंपनीनं हे कोर्टात शपथेवर सांगितलंय," ते शांतपणे म्हणाले. "पाया टॅक्सीचाच आहे म्हणून भांडणारे काही असमाधानी ग्राहक होते. दावा अजून चालू आहे. तेव्हा जपून बोला."

मी कॉफी पिऊन टाकली, नाहीतर ती त्यांच्या अंगावर गेली असती. काय खोटारडेपणा! पेट्रोल महागलं, लांबलचक गाड्या कुणी घेईना, कंपनीकडे तीन पाये घडवायला पैसा नव्हता, म्हणून एकच पाया घडवला आणि त्यावर तीन गाड्या चढवल्या. गरिबाची मार्शल, मधल्याची लिंडेन, श्रीमंताची रीजंट. तीस वर्षांच्या वर तोच पाया. पोलिसांची गाडी तीच, टॅक्सी तीच, शववाहिनी तीच. आमच्या गावात माणूस लग्नाला रीजंटमधून जायचा, भांडण करून मार्शलमधून ठाण्यात जायचा आणि शेवटी लिंडेनमधून स्मशानात, आणि तिन्ही वेळेला खाली लोखंड एकच. श्रीमंतांच्या गाडीला रबराच्या गाद्या मऊ लावायच्या, बस, एवढाच फरक. तेवढ्यासाठी दुप्पट भाव.

"ओडेसा तुम्हाला हो म्हणाली होती का? स्पष्ट हो?"

हाल्डेननी फलक गुंडाळले. "ती हसली. मी ते हो समजलो."

ओडेसाला ओळखणाऱ्या कुणालाही त्या हसण्याचा अर्थ कळला असता.

४

शेडच्या लहान दाराच्या तीन किल्ल्या. एक टाडेककडे, एक ओडेसाकडे, एक रॉस्कोकडे. मोठ्या दाराची, जिथून गाडी बाहेर काढता येते त्याची, एकच, आणि ती टाडेकच्या गळ्यात.

काम झालं होतं ते हरणांच्या शिकारीच्या आठवड्यात, हे उघड होतं. तो आठवडा आला की आमचा कारखाना ओस पडतो. नवस असल्यासारखे सगळे उत्तरेला जंगलात जातात. टाडेकही जातो, स्वयंपाक करायला, गळ्यातल्या किल्लीसकट. तेव्हा मागं राहिलं कोण, हाच सवाल होता.

रॉस्को म्हणाला, "मी जंगलातच होतो."

"हरीण मिळालं?"

"मोठं मिळालं. शिंगं अशी!"

"मग तुझ्या बायकोनं काल मांसाच्या दुकानातून खिमा का घेतला? हरीण मारलेल्या घरात वसंतापर्यंत दुकानाचं तोंड बघत नाहीत."

त्याचं तोंड उतरलं. 

"टेनेसीला गेलो होतो," शेवटी म्हणाला. "कंपनीचा तिकडे नवा कारखाना आहे. जागा बघायला. कुणाला बोलू नकोस, बर्नी, पाया पडतो."

"इथं ओडेसाला फितूर म्हणतोस आणि तिकडे स्वतःची सोय लावतोस? लाज वाटते का थोडी?"

"वाटते," तो म्हणाला, आणि मला वाटतं ते खरं होतं. "पण बापाच्या नावाला मी हात लावला नाही. लावला असता तर हात झडला असता."

पेट्रोल पंपाच्या पावत्या त्यानं खिशातून काढून दाखवल्या. तो त्या आठवड्यात खरोखरच गावात नव्हता. राहिलं एकच माणूस, आणि ते मला नको होतं.

५

शनिवारी दुपारी मी पुन्हा लिफ्टखाली गेले, या वेळी मोठी बॅटरी घेऊन. बॉडी चॅसीला जोडणारे बोल्ट बघायचे राहिले होते.

प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची एक रेघ होती.

कारखान्यातला कुणीही ती बघून पुढं गेला असता, कारण आमच्या प्रत्येक गाडीवर ती असते. बोल्ट पुरता आवळला की त्यावर रेघ ओढायची, म्हणजे पुढच्याला कळतं की हा झाला. हाताला इतकी सवय की लोक घरी मुलांच्या सायकलीवरसुद्धा रेघ ओढतात. पण ही पद्धत सुरू झाली दुसऱ्या वर्षी, एक सैल बोल्ट निसटून माणूस जखमी झाल्यावर. पहिल्या गाडीवर पिवळी रेघ असूच शकत नव्हती. कुणीतरी बॉडी उचलून पुन्हा बसवली होती, आणि चोरी करतानाही प्रत्येक बोल्ट आवळल्यावर इमानानं रेघ ओढली होती. नुकत्याच उघडलेल्या डब्यातल्या रंगानं. नखाला अजून चिकटत होता.

रेघा डावीकडे कललेल्या होत्या.

मी वीस वर्षं बॉडी चॅसीवर उतरवण्याच्या जागेवर काम केलं. उजवी बाजू माझी. समोरच्या बाजूला एक डावखुरी बाई असायची, आणि तिच्या रेघा माझ्या रेघांच्या उलट्या पडायच्या. मी बॅटरी बंद केली आणि थंड फरशीवर तशीच बसले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

तासाभरानं मी ओडेसाच्या स्वयंपाकघरात होते. तिनं न विचारता माझ्यापुढे पालेभाजी आणि मक्याची भाकरी ठेवली.

"एकटीनं?" मी म्हटलं.

ती पहिल्यांदाच हसली. "चार चेनपुल्या होत्या. बाकी हट्ट."

"अगं बये, अठ्ठावन्न वर्षांची आहेस तू! पाठ मोडली असती म्हणजे?"

"मोडली नाही. तुला कळलं कशावरून?"

"रेघा ओढल्यास."

तिनं कपाळावर हात मारला. "देवा! ओढल्या का मी?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारीण डोकावून गेली. मग ओडेसा गंभीर झाली.

"हाल्डेननं सांगितलं तेव्हाच ठरवलं. त्या नावांवर ग्राइंडर फिरणार, वर काळा रंग, खाली आरसा, आणि लोकांनी तिकीट काढून बघायचं? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही. चॅसी कुठं आहे ते विचारू नकोस."

"विचारत नाही. मला माहीत आहे. मोठं दार आठवडाभर बंद होतं, म्हणजे ती शेडमधून बाहेर गेलीच नाही. खोलीभर लांबीचं लोखंड लपवायचं कुठं? जिथं चॅसी असते तिथंच. गाडीखाली. शेडमध्ये दुसरी गाडी एकच आहे."

ती होती शिकाऊ मुलांच्या हातांखालून गेलेली जुनी मार्शल टॅक्सी, आतून पोकळ, इंजिन नसलेली. शुक्रवारी अख्खा जमाव तिलाच टेकून उभा राहून ओडेसाला शिव्या देत होता. टॅक्सीची मिठानं खाल्लेली चॅसी रीजंटखाली गेली होती आणि नावांची चॅसी टॅक्सीखाली.

"मग उद्या सांग की लोकांना!" मी म्हटलं.

"आणि मग? चॅसी कंपनीची आहे, बर्नी. मी तोंड उघडलं की संध्याकाळपर्यंत वकील आणि ट्रक दारात. मला फितूर म्हणू देत. नावं तर राहतील."

"नावं राहतील आणि माणसं घरी जातील! तू नाहीस तर ठिय्या नाही. कुणासाठी राखतेस मग ती नावं?"

 भाकरी तिच्या हातात तशीच राहिली. मी उठले आणि हाल्डेनना फोन केला. म्हटलं, सोमवार कशाला, उद्याच दुपारी या, मतदानाच्या आधी गाडी घेऊन जा. आणि फोटोला, बातमीला वर्तमानपत्रातलं कुणीतरी आणायला विसरू नका.

६

रविवारी शेडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. ओडेसा पुढं बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. कुणी तिच्या शेजारी बसायला तयार नव्हतं.

हाल्डेन ट्रक घेऊन आले. वर्तमानपत्रवाली बाई वही उघडून उभी राहिली. मी बाकावर चढले.

"मिस्टर हाल्डेन, गाडी न्यायच्या आधी एक खुलासा. इथं काही लोक म्हणतात की रीजंटचा आणि टॅक्सीचा पाया एकच. वाटेल तेव्हा एकीचा दुसरीला लावता येतो."

शेडमध्ये हशा पिकला. इथं ते प्रत्येकालाच माहीत होतं.

हाल्डेननी वहीकडे पाहिलं. "साफ खोटं. कंपनीनं ते नेहमीच नाकारलंय."

"म्हणजे या रीजंटखाली जो पाया आहे तो रीजंटचाच?"

"अर्थात. दुसरा बसूच शकत नाही."

"तुमच्या ताब्यात पूर्ण आणि बरोबर माल मिळाला?"

"मिळाला."

"आणि त्या कोपऱ्यातल्या टॅक्सीखाली?"

"टॅक्सीखाली टॅक्सीचाच पाया असणार, बाई. काय पोरखेळ चाललाय?"

"टॅक्सी युनियनची आहे. तिच्या खालच्या लोखंडावर कंपनीचा काही हक्क?"

"त्या भंगारावर? मुळीच नाही."

"लिहिलंत?" मी वहीवाल्या बाईला विचारलं. तिनं मान हलवली. "रॉस्को, बॅटरी घे आणि टॅक्सीखाली जा."

रॉस्को कुरकुरत पाठीवर झोपला आणि आत सरकला. त्याचे बूट तेवढे बाहेर दिसत होते.  मग ते बूट थरथरायला लागले आणि आतून मोठा माणूस रडतो तसं रडणं ऐकू आलं.

"नाव आहे," तो म्हणाला. "माझा बाप इथं आहे. सगळे आहेत. सगळेच्या सगळे आहेत रे!"

त्यानंतर जे झालं ते मला क्रमानं सांगता येणार नाही. माणसं फरशीवर लोळण घेत होती, एकमेकांचे पाय ओढत होती, नावं मोठ्यानं वाचत होती. मी बाकावरून ओरडून सगळं सांगितलं: मीठ, पिवळ्या रेघा, चेनपुल्या, आणि एकटी बाई.  टाडेकनं टोपी काढली. ओडेसाच्या बाजूच्या रिकाम्या खुर्च्यांवर आता भांडणं लागली होती.

हाल्डेन पांढरेफटक पडले होते. "ही चोरी आहे. ती चॅसी—"

"कुठली चॅसी?" ओडेसा उठली. दोन दिवसांत लोकांसमोर तिचा हा पहिला शब्द. "रीजंटची तर तुमच्या ट्रकवर चढतेय. का हो, टॅक्सीची तिला बसते म्हणता की काय? बोला. बाई लिहून घेताहेत. कोर्टालाही ऐकायला आवडेल."

त्यांनी वहीकडे पाहिलं आणि ट्रकवाल्याला हात केला. रीजंट ट्रकवर चढली. टॅक्सीच्या पायावर बसून राजेशाही गाडी प्रदर्शनात निघाली.

मग ठिय्यासाठी हात वर झाले. मोजायची गरज पडली नाही. सगळ्यात आधी वर गेलेला हात रॉस्कोचा होता, आणि तो वर नेताना तो माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या टेनेसीबद्दल आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. टॅक्सीला इंजिन नव्हतं, म्हणून आम्ही ती ढकलत रस्ता ओलांडला आणि कारखान्याच्या फाटकात आडवी लावली. आता यंत्रं न्यायची तर तिला ओलांडून न्यावी लागणार होती.

हाल्डेन आपल्या गाडीपाशी थांबले होते. ते वाईट माणूस होते असं नाही, उलट आवाजात थोडी काळजीच होती. "मिस प्रुइट, हे तुम्ही हरणार. तुम्हालाही माहीत आहे."

"माहीत आहे," ओडेसा म्हणाली. "पण आम्हाला बाहेर काढायला पोलीस बोलवाल ना, तेव्हा एकेकाला नावानं हाक मारावी लागेल. आजपासून पाठ करायला घ्या."

ती आत गेली. आम्ही तिच्यामागून गेलो आणि फाटक लावून घेतलं.